मागून आणलेलं झबलं

४ जानेवारी

आज परत माझी आलमारी उघडली. सासूबाई म्हणे, "काहून ठेवलं हे अजून? देवश्री येऊन राहिली बाळंतपणाले. तिची नजर पडाले नको."

हे म्हणजे चार झबली, दोन टोपडी. माझ्या लेकाची. ऑगस्टमध्ये न्यूमोनियानं गेला तो. पुरा दहा दिवसांचाही नव्हता.

अभिनव दारात उभा. "मम्मी सही बोल रही है, अनु. दे दो किसी को." बाप आहे हा. म्हटलं, मग तूच दे. तर मोबाइल कानाले लावून गॅलरीत गेला. वाजला-बिजला काही नव्हता.

९ जानेवारी

देवश्री आली. नणंदबाई. पोट पुढे, बांगड्या कोपरापर्यंत. घर कसं गजबजलं.

१२ जानेवारी

परवा तिचं डोहाळजेवण. सासूबाईनं किती गोडीनं सांगितलं — "तू दोन दिवस शंकर नगरले जाऊन ये ना, तुझी आई वाट पाहत असन." आई कशाची वाट पाहते! माझी सावली पडाले नको, तेवढंच. आमच्या बुढ़ापारा मोहल्ल्यातल्या सगळ्या बायका येणार, त्यात मले कुठं बसवतात.

देवश्री समोरच संत्रं सोलत होती. वहिनीले राहू दे, असं एका शब्दानं म्हणाली नाही. खाली मान घालून फाक तोंडात टाकली. हिचं मी विसरणार नाही.

१७ जानेवारी

माहेराहून आली तर अंगणात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बर्तनवाली बसलेली. पुढ्यात जुन्या साड्यांचा ढीग, आणि त्याच्यावर माझी झबल्यांची पिशवी. बर्तनवालीनं झबली दोन बोटांनी उचलून पाहिली. "एतका नान-नान कपड़ा म का मिलही, दाई? एक ठन पैंट अउ दे." एवढुशा कपड्यांवर ती चहाची गाळणीच देत होती, डब्यासाठी आणखी एक पँट मागत होती. सासूबाईले डबा पाहिजे होता, झाकणाचा. अभिनवची पँट आणाले आत गेल्या.

माझं पोरगं अन् एक पँट मिळून एक डबा.

पिशवी उचलली आणि तशीच समोर शांताकाकूकडे गेली. त्यांच्या नातवाचे कपडे त्या नेहमी वाटत असतात. म्हटलं, काकू, कोणा गरिबाले देऊन टाका. मले दाखवू नका कोणाले दिलं ते. त्या म्हणे, "ठेव तिथं." आणखी काही विचारलं नाही, उपकार झाले.

घरी आल्यावर सासूबाई रात्रीपर्यंत डब्यासाठी हळहळत होत्या. मले रडू आलं नाही. नुसता राग.

२ फेब्रुवारी

देवश्रीले मुलगी. दोघी बऱ्या. अभिनव पेढे घेऊन आला, माझ्यासमोर डबा धरताना इकडेतिकडे पाहत होता. मी दोन उचलले.

४ फेब्रुवारी

देव आहे की काय!

दवाखान्यातून आज घरी आल्या. आपल्याकडे बारसं होईपर्यंत बाळाले नवं कापड घालत नाहीत, धडधाकट लेकराचं जुनं मागून आणतात. त्याचं आयुष्य याले लागावं म्हणून. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "शांताबाईच्या नातवाचं झबलं आहे. देवश्रीनं अगोदरच आणून ठेवलं होतं. कसा पहेलवान पोट्टा आहे तो!"

मी लांबूनच पाहिलं. पांढरं झबलं, बंद उलट्या बाजूनं लागलेले. शिवताना ते माझ्याच हातून चुकले होते. काकूनं पिशव्यांची अदलाबदल केली, दुसरं काय.

आत जाऊन पोळ्या लाटल्या. मस्त गोल झाल्या.

६ फेब्रुवारी

माझी सावली चालत नाही ना? मग घ्या. ज्या झबल्याची गाळणी करून राहिल्या होत्या, त्याचेच मुके घेतात दिवसभर. मी दारातून पाहते. खूप बरं वाटते.

९ फेब्रुवारी

पोरगी शिंकली. दोनदा. सासूबाईची कोण धावपळ, ओवा काय, शेक काय. आणि मले काय वाटलं ते इथं लिहितेच, दुसरीकडे कुठं लिहू. वाटलं, होऊ दे. यांनाही कळू दे.

१० फेब्रुवारी

बरी आहे ती. दूध प्याली. मी दोनदा उठून ऐकून आली.

११ फेब्रुवारी

ठरवलं. बारशाच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणार. भरल्या घरात. देवश्रीचं तोंड पाहाचं आहे मले, संत्रं खातानाचं नाही, ते दुसरं.

१३ फेब्रुवारी

बारसं झालं. नवा फ्रॉक घालाचा म्हणून सासूबाईनं झबलं काढलं आणि माझ्याच हातात दिलं. "धुऊन शांताबाईले परत देऊन ये." मग मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, हे माझ्या मेलेल्या लेकाचं आहे. सासूबाईनं पोरीले छातीशी ओढलं. मी देवश्रीकडे पाहिलं.

ती म्हणे, "मले माहीत आहे, वहिनी. पिशवी नेताना खिडकीतून पाहिलं होतं, मीच काकूकडून मागून आणलं. आईसमोर बोलाची हिंमत नव्हती माझी. पोरीले तिच्या दादाचं सोडून दुसऱ्या कोणाचं घालू?"

दादा. त्याचं बारसं झालंच नव्हतं, नावही नव्हतं. या घरात त्याले आज पहिल्यांदा कोणी काही म्हटलं.