बुडबुडे थांबण्याआधी

मंगळवार, संध्याकाळ

जुन्या डिझेल जीपच्या हट्टी मालकांनो, टाकी एकदा कोरडी पडली की नळीत हवा शिरते, मग डिझेल भरूनही आपल्या गाड्या हलत नाहीत. आज जळकोटच्या सभेला जाताना माझंही तेच झालं. नळीतली हवा बुडबुड्यांवाटे पूर्ण निघून जावी म्हणून ड्रायव्हर सत्तारभाईने फिल्टरचा स्क्रू ढिला केला, मी हातपंप दाबत राहिलो. बुडबुडे येतच होते, तरी मीच दोनदा स्क्रू आवळायला लावला आणि स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवली.

"दादा, तुमचं भाषण लोकं दोन तास ऐकतेत. बुडबुडे थांबेपर्यंत तुम्हाला दोन मिनिटं दम न्हाई," सत्तारभाई म्हणाला.

मुलींच्या वसतिगृहाच्या मागणीसाठी मजुरी बुडवून सभेला आलेल्या बाया वाट पाहून परतल्या. आता स्वतःलाच विचारतो, हवेला काय दोष देतोस? उद्या पहिल्या बसने जळकोटला जा आणि त्यांच्या दारात उभं राहून माफी माग.