आपली बारा बोअर

मंगळवार, संध्याकाळ. बेळगुंदी

पलटणीत सतरा वर्षं बंदूक वागवली, पण स्वतःसाठी निवडायची वेळ आज पहिल्यांदा आली. बँकेच्या पहाऱ्याच्या नोकरीला स्वतःची लागते. बारा बोअरचीच घेतली, काडतुसं सहज मिळतात. दोन नळ्यांची, जुनी, खांद्याला बरी बसली.

दुकानातल्या रजिस्टरात सही केली, बंदूक काउंटरवर ठेवली आणि सरळ दाराकडं निघालो! पलटणीत रोज सही करून जमाच करायचो ना. दुकानदार हसला, "आण्णा, घरी न्यायची हाय ती."

घरी? लेकरं हायत. कुठं ठेवू?

शेवटी कपाटात कुलूपबंद केली. बायकोनं किल्ली कमरेला खोचली आणि दुधाची वही माझ्यापुढं सरकवली. "जमा केलीसा न्हवं? मग करा सही."

केली. तवा कुठं हात मोकळे वाटले.