मार नको, मारा

लोधिवली

तीर्थस्वरूप मामांना सुरभीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा आहे ना? तुमच्याकडे वालाला शेंगा धरल्या असतील. आम्ही सगळे बरे आहोत, आई तर जास्तच बरी आहे (मला डबा देताना भाजी वाढवून देते, कारखान्यातल्या साहेबांनी कधी चव मागितली तर असावी म्हणून. अजून कोणी मागितलेली नाही).

माझ्या नोकरीचं तुम्ही विचारलं होतं. मोहोपाड्याच्या कारखान्यात (लादी पुसायचं औषध बनतं तिथे) मी बाटल्या भरत होते, ते ठाऊकच आहे. दिवाळीनंतर मला मोठ्या टाकीच्या पॅनलवर घेतलं, पण तात्पुरतं. जमलं तर कायम, नाही तर परत बाटल्या. पॅनल म्हणजे भिंतीवरचा टीव्हीसारखा पडदा. टाकी किती भरली, मोटार तापली का, सगळं त्यावर दिसतं, आणि बोट लावलं की पंप चालू-बंद होतो. अडचण एकच, पडदा इंग्रजीत बोलायचा. म्हणून तो बसवणाऱ्या प्रवीणसरांनी (माणूस चांगला, पण मराठी फार शुद्ध) सगळं मराठीत केलं. लगेचच एका सकाळी पडद्यावर आलं, 'द्रवपातळी न्यूनतम मर्यादेखाली'. मी वाचलं, माझ्या जोडीला असतात त्या मोरूदादांनी वाचलं. दोघांनाही वाटलं, मराठी भाषा दिनाचं काहीतरी असेल. तोवर टाकी कोरडी पडली आणि पंप जळला.

प्रवीणसर रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मग तूच सांग, काय लिहू?" मी सांगत गेले, ते टाइप करत गेले. 'टाकी रिकामी व्हायला आली हाय, पंप बंद करा.' 'मोटार तापली, तिला दम घेऊ द्या.' जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला जरा चढलंच. टाकीचं झाकण उघडं राहिलं की आतली घुसळणी आपोआप थांबते. त्यासाठी मी सांगितलं, 'झाकण लाव आधी, मग गप्पा मार.'

पुढच्या आठवड्यात मुंबईहून मोठे साहेब आले. त्यांनी स्वतःच झाकण उघडलं आणि आत वाकून फेसाबद्दल बोलायला लागले. घुसळणी थांबली, पडदा लाल झाला, आणि ते वाक्य भल्यामोठ्या अक्षरांत झळकलं. मोरूदादा एकदम भिंत न्याहाळायला लागले. मी मनातल्या मनात बाटल्या भरायला घेतल्या. साहेबांनी वाचलं, परत वाचलं, आणि झाकण लावलं. घुसळणी फिरायला लागली.

"हे कोणी लिहिलंय?"

मी हात वर केला.

"मार नको, मारा कर," ते म्हणाले. "बाकी राहू दे."

मामा, मी कायम झाले. आई गल्लीभर पेढे वाटून आली.

तुमची भाची,
सुरभी

ता. क. पडद्याकडे कोणाचं लक्ष नसलं तर काय, म्हणून साहेबांना आता त्याला आवाज बसवायचाय. बाईचा, मोटारींच्या घरघरीतही ऐकू जाईल असा. मी मामीचं नाव दिलंय. रविवारी कशेळ्याहून जीपने तिला घेऊन याल का? फोन तीच उचलते, म्हणून हे पत्र. ओरडायला बोलावलंय असं सांगू नका. गाणं म्हणायचंय म्हणा.

आणखी एक ता. क. मामी, पत्र आधी तूच फोडलं असशील. पडद्यावरची ती सगळी वाक्यं तुझ्याच तोंडची आहेत गं, मी फक्त सरांना सांगितली. हिरवी साडी नेसून ये. मामांना सवड नसेल तर एकटी आलीस तरी चालेल.