कप्तानाच्या निधनाची घोषणा पुढे ढकलण्याबाबत

दिनांक: गुरुवार, सकाळी

प्रति,
मा. खेळाडू संपर्क अधिकारी,
ऑनलाइन खेळ विभाग, मुख्य कार्यालय
(टाळेबंदीमुळे कार्यालय बंद असल्याने फाटकावरील पहारेकऱ्यामार्फत)

विषय: माझ्या पतीच्या निधनाची उद्या प्रसिद्ध होणारी घोषणा एक आठवडा लांबणीवर टाकण्याबाबत.

संदर्भ: १) हीच घोषणा ताबडतोब करावी, असा मीच केलेला अर्ज.
२) त्यावरील आपले आभाराचे उत्तर.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझे पती आपल्या कंपनीत बेटांच्या खेळाचे काम पाहत होते. नव्या अपडेटमधला दोन बेटांना जोडणारा पूल तेच बांधत होते. अपडेटला उशीर का होतो आहे, हे खेळाडूंना दर शुक्रवारी ‘कप्तान’ या नावाने तेच लिहून कळवत. लाखभर चिडलेल्या लोकांना चार ओळींत हसवण्याची त्यांची हातोटी होती, हे आपणही मान्य कराल, कारण ते गेल्यावरही आपण ती सोडली नाहीत.

साथीत ते रुग्णालयात दाखल झाले आणि तिथेच वारले. मृतदेह बांधलेल्या अवस्थेत परस्पर नेण्यात आला. मी तोंड पाहिले नाही, त्यांच्या आईनेही पाहिले नाही. मी कंपनीला कळवले, सासूबाईंना फोन केला. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहत. खूप रडल्या.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी कप्तानाची सूचना प्रसिद्ध झाली. “मंडळी, मी ठणठणीत आहे. घशाला जरा खवखव होती, ती गुळण्यांनी पळवली. पूल मात्र अजून दमलेला आहे, थोडा धीर धरा.” मुलाच्या सूचना फोनवर उघडायला सासूबाई त्याच्याकडूनच शिकल्या होत्या. त्यांनी मला फोन केला आणि म्हणाल्या, “जित्याजागत्या माणसाला मारतेस? लाज नाही वाटत?” त्यानंतर त्यांनी माझा फोन घेतला नाही. सुनेने मुलाला कोंडून ठेवले आहे, असे त्यांनी शेजारीपाजारी सांगितले. एका बाजूला माझा शब्द होता आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या मुलाचा लेखी. मी स्वतः आवक लिपिक आहे. लेखी कागदापुढे तोंडी सांगण्याला काय किंमत असते, ते मला ठाऊक आहे.

म्हणून मी संदर्भ क्रमांक एकचा अर्ज केला. आपले उत्तर असे आले: “आपल्या सूचनेबद्दल आभार. कप्तानाच्या निधनाचा समावेश आगामी अपडेटमध्ये करण्यात आला आहे. महामारीमुळे सदर अपडेटला विलंब होत असून आपल्या संयमाची आम्हांस कदर आहे. सुरक्षित राहा.” पुढे असेही कळवले, की खेळातले निशाण अर्ध्यावर उतरवताना ते कोणत्या रंगाचे असावे यावर खेळाडूंचे मतदान चालू आहे, आणि दुखवट्याच्या आठवड्यात प्रत्येकाला काळ्या फितीची टोपी मोफत मिळेल. माझे पती मेले होते, पण पुलाचे कठडे रंगवून झाल्याशिवाय त्यांना मरता येत नव्हते.

दरम्यान शुक्रवार येतच राहिले. एका सूचनेत कप्तान म्हणाले, “बायको ओरडतेय, आता तरी खुर्ची सोडा.” महोदय, हे वाक्य मी उच्चारलेले नाही. ती खुर्ची मी उलटी करून माळ्यावर टाकली आहे. ज्या कुणाकडून आपण हे लिहून घेता त्याला विनोदाची जाण आहे, तेवढी तरी दाद देते. मला त्याचे तोंड फोडावेसे वाटते.

पुढच्या सूचनेत होते, “काही अडचण असेल तर सरळ माझ्याकडे या, माझे दार सदैव उघडे आहे.” सासूबाईंना ती अडचण होतीच. त्या पिशवीत मुलाचा स्वेटर घेऊन, वाहने बंद असल्यामुळे चालत आपल्या फाटकाशी पोहोचल्या. पहारेकऱ्याने स्टूल दिले आणि आत कोणीच नाही म्हणून परोपरीने सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, “आहे आत. कालच लिहिलंय त्यानं.” दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला.

आता त्या रुग्णालयात आहेत. जवळचे नातेवाईक म्हणून त्यांनी मुलाचा नंबर दिला. तो फोन माझ्या उशाशी असतो, म्हणून मला कळले. भेटू देत नाहीत. नर्स सांगते, आजींना श्वास पुरत नाही, पण शुक्रवारची सूचना वाचून दाखवल्याशिवाय डोळे मिटत नाहीत. मागच्या सूचनेखाली त्यांनी नर्सकडून लिहून घेतले, “जेवलास का?” आपल्या यंत्रणेने उत्तर दिले, “प्रिय खेळाडू, आपला अभिप्राय नोंदवला आहे.”

आणि काल आपला निरोप आला, की पूल तयार आहे, निशाणाचा रंग ठरला आहे आणि उद्या शुक्रवारी कप्तानाच्या निधनाची घोषणा होईल. अभिनंदन. ज्यासाठी मी आपले उंबरे झिजवले, ते नेमके आता मंजूर झाले.

तरी विनंती अशी, की माझा पहिला अर्ज रद्द समजावा. उद्या नेहमीसारखी उशिराचीच सूचना काढावी. उशीर करण्याचा आपला अनुभव दांडगा आहे, खेळाडू आणखी एकदा शिव्या देतील, एवढेच. खोटे लिहा म्हणून मी आपल्यासमोर पदर पसरते आहे आणि त्यासाठी मी आपल्याला कधीही क्षमा करणार नाही. आठवड्याहून जास्त मुदत मागत नाही. डॉक्टर म्हणतात, तेवढी लागणार नाही.

त्यानंतर माझ्या पतीला आपण सवडीने मारावे. माझी हरकत राहणार नाही.

नम्र होण्यावाचून इलाज नसलेली,
(सही)
कप्तानाची पत्नी

सोबत:
१) पतीच्या मृत्यूचा दाखला. (आधीची प्रत आपल्याकडे सापडत नसल्याचे कळवले होते.)
२) सासूबाईंच्या प्रश्नाखाली उद्या द्यावयाचे उत्तर. कृपया यात कोणताही बदल करू नये: “हो आई, जेवलो. तू झोप आता.”