कामोणी आणि माझा शब्द

३ सप्टेंबर १९५७
आप्पांचे डोळे पिवळे. गॅलरीत तोंड धुताना उजेडात दिसले. डॉक्टर म्हणाले कावीळ. तेल-तूप बंद, ग्लुकोज, पडून राहायचं. पडून राहायचं म्हटल्यावर आप्पा हसले. "माका संयुक्त महाराष्ट्राच्या सभेक जावचां आसा." आई म्हणाली, "सभा काय तुमच्यावाचून अडान रवली?"

५ सप्टें.
आईनं गिरणीच्या भिंतीलगतची कामोणी खुडून आणली. चांदण्यांसारखी पांढरी फुलं, मिरीहून मोठी काळी फळं. चुरडली की बोटं जांभळी. तिची आई काविळीवर ह्याच पाल्याचा काढा द्यायची. तोंड आलं की पानं चावायला, सुजेवर लेप. पिकलेली काळी फळं पोरं तशीच खायची.
कॉलेजात ह्याच झाडाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. तिथं त्याचं नाव लॅटिन. वांग्या-बटाट्याच्या कुळातलं. कच्ची फळं विषारी. आईला सांगितलं तर, "हिरवी कोण खाता गो?"
आप्पांनी वाटी हातात धरली, पण प्याले नाहीत. "तू बी. एस्सी. झालंस. तू सांग. घेव काय नको?"
घरात आजवर माझ्या डिग्रीला कुणी काही विचारलं नव्हतं. म्हटलं, शिजवलेल्या पानांनी अपाय नाही व्हायचा. कावीळ बरी होते का, ते मात्र...
वाक्य पुरं व्हायच्या आत वाटी रिकामी.

११ सप्टें.
दुपार. आप्पा झोपलेत. गिरणीची घरघर भिंतीतून येते, जणू खोलीच श्वास घेते आहे. डोळे मिटले की कामोणी वाढत जाते, भिंतीवरून, धुराड्यावरून, फळं आभाळभर. आपलं राज्य झालं की वनस्पतिशास्त्र मराठीत शिकवतील. फळ्यावर खडूनं लिहिलेलं असेल, कामोणी. खाली आईला माहीत आहे ते सगळं, आणि त्यातलं कुठलं खरं, ते आम्ही तपासलेलं. मी तपासलेलं. प्रयोगशाळेतल्या जागेसाठी अर्ज केलाय, त्याचं अजून काही कळत नाही.

१९ सप्टें.
आप्पांचे डोळे निवळले. डॉक्टर म्हणतात विश्रांती. आई म्हणते कामोणी. आप्पा मजल्याभर लेकीचं कौतुक सांगतात, "आमच्या चेडवान सांगल्यान, म्हणान घेतलंय." मला ठाऊक नाही कशानं. कावीळ कधी आपोआपही उतरते. हे मी जिन्यात दोघी शेजारणींना सांगितलं. त्यांना विनय वाटला.

२२ सप्टें.
भिंतीलगत कामोणीचं एक पान उरलेलं नाही. नळावर हाक आली, "काय गो वैदीणबाय, केस गळतात त्याला काय?" हसले. खोटं कशाला, बरंही वाटलं.

२६ सप्टें.
शेजारच्या काशीकाकू पातेलं घेऊन दारात. "बघ गो, बरोबर झालंय ना?" आत कुठूनशा आणलेल्या अख्ख्या डहाळ्या वाटलेल्या. हिरव्या फळांसकट, कच्च्याच.
काकूंचे यजमान, गणूकाका, आजारी आहेत एवढंच ऐकलं होतं. धावत गेले. अंग पिवळंजर्द, हाक मारली की डोळे उघडतात, पुन्हा गुंगी. काकूंना ते "आये" म्हणाले. डॉक्टरांनी इस्पितळात न्यायला सांगितलं होतं. काकूंनी नेलं नव्हतं, कालपासून हेच पाजत होत्या.
"आप्पांना कुठे नेलंत? तूच तर उतरवलीस त्यांची."
"मी नाही उतरवली काकू. मी फक्त शिजवलेल्या पानांचं बोलले. ही हिरवी फळं विष आहेत. आणि ते असं बरळतात, ते वाईट लक्षण. आत्ताच्या आत्ता न्यायला हवं."
"मग तेव्हाच का नाही बोललीस?"
बोलले होते. आमच्या खोलीत, आईशी.
काकू पातेलं सोडेनात. शेवटी आप्पांनी शर्ट चढवला. "काशी, चेडू सांगता ना? ऊठ. मी टॅक्सी आणतंय."

२७ सप्टें.
इस्पितळाचा व्हरांडा. सगळं पांढरं, फिनेलचा वास. मधूनच वाटतं, हे आपण कुणाच्या तरी स्वप्नात बसलोय.
डॉक्टरांनी विचारलं, काय दिलं होतं? मी सांगितलं. झाड, लॅटिन नाव, कोणता भाग, कच्चा की शिजलेला. त्यांनी लिहून घेतलं. त्यामुळे बिघडलं, की कावीळच चढलीय? म्हणाले, आत्ता सांगता येत नाही. तो माणूस मला आवडला.
काका अजून गुंगीत.
काकू बाकावर माझा हात धरून. मला वाटलं होतं, आता त्या माझ्याशी बोलणार नाहीत. पण म्हणाल्या, "वाचतील ना गो?"
पुन्हा मलाच.
हो म्हणणं किती सोपं होतं. म्हटलं, "माहीत नाही, काकू."
ह्या वेळी त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. हात सोडला नाही.