एक वाक्य तर आहे

दिनांक १४ मार्च

चि. भाऊजी यांस,
वहिनीचे आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. दादांचा खोकला गेला. आपली भिंगरी रोज सकाळी पळायला मैदानावर जाते. दुकान चार दिवस जरा बंद आहे, तसं काही विशेष नाही. उन्हं वाढली आहेत. तुमची तब्येत सांभाळा, बाहेरचं खाणं कमी करा.

तुमच्या कंपनीच्या वार्षिक समारंभाचं निमंत्रण मिळालं. कागद इतका जाड आणि गुळगुळीत की भिंगरीने ते वहीला पुठ्ठा म्हणून मागितलं. त्यासोबतचं तुमचं पत्रही वाचलं. ते दादांच्या नावाने होतं, पण दादा उत्तर लिहीत नाहीत म्हणून मी लिहायला बसले आहे. तुम्ही लिहिलंय की भिंगरीने स्टेजवर अनवाणी यायचं, मग तुमचे मोठे साहेब खाली वाकून स्वतःच्या हाताने तिला बूट घालतील, आणि ती माइकवर एक वाक्य बोलेल. दादांनी पुढच्या रांगेत बसायचं. आणि हे सुद्धा लिहिलंय की "दादांनी शक्यतो फार नवे कपडे घालू नयेत, साधे असावेत."

साधे! भाऊजी, तुमच्या दादांना तुम्ही आयुष्यात कधी जरीचा कोट घालून हिंडताना पाहिलंत, की तुम्हाला ही काळजी पडली?

बरं, मी भांडायला बसलेली नाही. चांगलं ते चांगलं म्हणेन. तुमच्या कंपनीने शाळेचं मैदान सपाट करून दिलं, पोरींचे गुडघे फुटायचे थांबले. पाण्याचा नळ आला. वाचनालयाची खोली रंगवली, पुस्तकं आली, पंखा आला. तुम्ही त्या समाजकार्य विभागात लागलात तेव्हा मी सगळ्या गल्लीला सांगत सुटले होते, की आमचे भाऊजी मुलांना शिकवायला, खेळवायला मदत करतात आणि त्याचाच त्यांना पगार मिळतो. समोरच्या दुकानातले चष्मेवाले म्हणाले, "अशी नोकरी आम्हालाही बघा हो वहिनी." केवढी मिरवले मी तेव्हा!

म्हणूनच कंपनीसाठी भिंगरीवर काढलेली तुमची फिल्म शाळेच्या हॉलमध्ये दाखवणार म्हटल्यावर दादांनी येईल त्या गिऱ्हाइकाला आमंत्रण दिलं. बूट न्यायला आलेल्याला म्हणायचे, "आज नाही, उद्या या, पण आज हॉलवर या. आमची पोर पडद्यावर आहे, धाकट्या भावाने काढलीय फिल्म." स्वतःच्या हाताने शर्टाला इस्त्री केली. आम्ही जाऊन पुढेच बसलो.

दिवे गेले. पडद्यावर आमची भिंगरी पळत आली. दादा एकदम ताठ बसले. मग माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणाले, "अगं, तिचे बूट कुठायत?"

मला वाटलं, पुढे येतील. पुढे आला तो एका बाईचा गोड आवाज: ज्या घरात दोन वेळचं धड नाही, त्या घरात पायात बूट कुठून येणार. मग आमचं घर आलं. दुकानाची बाजू नाही, मागची, जिथे आम्ही चामड्याचे तुकडे आणि रद्दी टाकतो ती. आणि मग आमची पोर, केस विस्कटलेले, सरळ समोर बघून म्हणाली, "माझ्याकडे कधीच बूट नव्हते. कंपनीने दिले, तेव्हा मी पहिल्यांदा बूट घातले."

भाऊजी, त्या हॉलमध्ये निम्म्या लोकांच्या पायात तुमच्या दादांनी शिवलेले बूट होते!

चष्मेवाल्यांनी मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि परत फिरवली. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग दिवे लागले, तुमचे पाहुणे टाळ्या वाजवायला लागले, म्हणून बाकीचेही वाजवायला लागले. दादांनीही वाजवल्या. मी त्यांचे हात धरून खाली घेतले.

मला हे कळतच नाही. जगात इतकी घरं सोडून तुम्हाला अनवाणी पोर सापडली ती बूट शिवणाऱ्याच्या घरात? ती उभी राहायला लागली तेव्हापासून तिच्या पायात बापाने शिवलेलं आहे. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा लांब, म्हणून दुकानातला कुठलाच जोड तिला धड बसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पळायचे बूट कसे असतात ते बघायला दादांनी एक जुना जोड आणून उसवला, मग शिवला, तो जड झाला, परत उसवला. तुम्ही सुट्टीला आला होतात तेव्हा. तुम्हीच हसत होतात, "दादा, आता झोपेतही टाके घालाल."

आणि फिल्म काढत होते तेव्हा तुम्ही कॅमेऱ्याशेजारी उभे होतात ना? तुमच्या स्वतःच्या पायात काय होतं त्या दिवशी? मला माहीत आहे काय होतं. सोल बदलून मीच पार्सल केलं होतं.

फोनवर तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुम्ही मनाला लावून घेताय. लोकांना गोष्ट लागते. नुसतं मैदान दाखवलं तर कोणी बघत नाही." आणि वर म्हणालात, "दुसऱ्या कोणाची मुलगी घेतली असती तर तिच्या आईबापांनी गोंधळ घातला असता. भिंगरी घरचीच." म्हणजे घरच्यांनी मूग गिळून बसायचं, एवढ्यासाठी घरचे! भिंगरीच्याच संघात एक पोर आहे, जिच्याकडे खरोखर बूट नाहीत, चपलेवर येते आणि चपला काढून पळते. तिला का नाही घेतलंत, विचारलं तर म्हणे ती कॅमेऱ्यापुढे बोलत नाही, लाजते. तिला बूट तरी दिलेत का? नाही. ती फिल्ममध्ये नाही ना!

आता जे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, तेही लिहिते.

त्या दिवशी हॉलवरून घरी आलो. माझा तोंडाचा पट्टा सुरू होता, लोक काय म्हणतील, आता दुकानात कोण येईल. दादा भिंगरीला एका शब्दाने बोलले नाहीत. चहा तसाच गार झाला. मग मला म्हणाले, "ऊन किती होतं गं फिल्ममध्ये. सावली पायाखाली होती. तिचे पाय भाजले असतील का?"

भाऊजी, मी आई आहे, आणि माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

मी पोरीला बोलावलं आणि मोजे काढायला लावले. इतके दिवस ती घरातही मोजे घालून फिरत होती, आणि मी तिला "काय हे नवीन फॅड" म्हणून ओरडत होते. तळव्यांवर नवी कातडी धरलेली, गुलाबी, बाजूने जुनी सुटत चाललेली. मी विचारलं, कधी झालं हे? तर म्हणाली, "काकांनी मलम आणून दिलं होतं. घरी सांगू नको म्हणाले. पुन्हा पुन्हा पळवलं ना, उजेड चांगला होता म्हणून."

मलम आणून दिलं! म्हणजे तुम्ही बघितले होते ते पाय. बघून परत पळायला लावलंत, की पळून झाल्यावर बघितलेत? मला यातलं एकही उत्तर नको आहे. दोन्ही उत्तरांनी माझी तळपायाची आग मस्तकात जाते. तुम्ही शाळेत होतात तेव्हा मी या घरात आले. तुमचा ताप मी काढला, तुमच्या परीक्षेच्या वेळी मी जागले. त्याची आठवण करून देत नाहीये, पण माझ्या पोरीला तुमच्या हाती सोडताना मला एकदाही मागे वळून बघावंसं वाटलं नाही, ते त्यामुळेच.

दुकान चार दिवस बंद आहे असं वर लिहिलं. बंद नाही, दादा जातात, अर्धं शटर वर करतात, आत बसतात आणि परत येतात. फिल्मनंतर पहिल्या दिवशी उघडलं होतं. तर बँकेतल्या कारकुनाची बायको आली, पिशवीतून तिच्या मुलीचे वापरलेले बूट काढले आणि काउंटरवर ठेवले. "भिंगरीला होतील बघा. लाजू नका हो, आम्ही काय परके आहोत?" ती बाई मनाने चांगली, त्यातच तर सगळं आलं. दादांनी बूट हातात घेतले, उलटे करून बघितले, "टाच झिजलीय, लावून देतो," म्हणाले. त्यांना वाटलं दुरुस्तीला आणलेत. मग कळलं तेव्हा "बरं" म्हणाले. तेव्हापासून आरीला हात लावला नाही.

आता तुमच्या समारंभाचं. तुम्ही स्पष्टच लिहिलंय की भिंगरी आली नाही तर कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रातली तिची जागा धरून ठेवता येणार नाही. म्हणजे राहणं, खाणं, कोच, सगळं गेलं. त्या जागेसाठी पोर किती झुरतेय हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच लिहिलंत.

आणि ऐका, ती यायला तयार होती. माझ्याशीच भांडली. "आई, तू उगाच वाढवतेस. एक वाक्य तर आहे. म्हणून टाकीन, मग मला रोज खऱ्या ट्रॅकवर पळायला मिळेल." मी म्हटलं, तुझ्या बापाची अब्रू आहे ती. तर आतून दादा म्हणाले, "जाऊ दे तिला. अब्रूवर पळता येत नाही." मी भांडी घासायला निघून गेले. एक कपही फुटला.

काल संध्याकाळी ती आरशापुढे उभी राहून तुमचं वाक्य पाठ करत होती. दादा बाहेरून ऐकत होते. त्यांनी तिला दुकानात बोलावलं, स्वतः स्टुलावर बसले आणि म्हणाले, "म्हण माझ्यासमोर. तिथे माणसं खूप असतील, सवय हवी."

तिने म्हटलं, घाईघाईत.

"असं नाही. मागच्या रांगेत ऐकू जायला हवं. सावकाश."

तिने परत सुरू केलं. दादा म्हणाले, "'कधीच' या शब्दावर जरा थांब. आणि खाली बघू नकोस, पुढे बघ. हे बघ, अशी." आणि ते उठून उभे राहिले, हात बाजूला घेतले, आणि स्वतःच म्हणून दाखवलं. "माझ्याकडे कधीच बूट नव्हते." मागे फळीवर तिच्या पायाचे लाकडी साचे लावलेले, तळहाताएवढ्यापासून आत्ताच्यापर्यंत, आणि पुढे उभा राहून हा माणूस मन लावून तिला शिकवतोय!

"आता तू म्हण," म्हणाले.

पोरीने तोंड उघडलं. शब्द फुटेना. परत प्रयत्न केला. मग एकदम खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्याला धरून रडायला लागली. "बाबा, तुम्ही नका ना म्हणू ते."

दादांना कळेना. ते तिला समजावत राहिले, "अगं, नुसतं म्हणायचं असतं. मला काही वाटत नाही. जागा जाईल ना." खरं सांगते, बाप तिला जा म्हणून विनवत होता आणि ती नाही म्हणत होती. कॅमेऱ्यासमोर म्हणाली, हॉलभर लोकांनी ऐकलं, आरशात म्हणाली. बापाच्या तोंडाकडे बघून मात्र तिला ते म्हणता आलं नाही.

तेव्हा ती येणार नाही. मीही नाही, दादाही नाहीत. यात आमचा काही मोठा विजय झाला असं समजू नका. पोर सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडली आहे, आज मैदानावरही गेली नाही. खेळाच्या बाई म्हणतात की खुली निवड चाचणी असते, पण तिथे फार मुली येतात, भरवसा नाही. जागा गेली ती गेलीच. ती तुम्ही त्या चपला काढून पळणाऱ्या पोरीला दिलीत तर मला बरं वाटेल, पण तुम्ही द्याल असं वाटत नाही.

फिल्म काढून टाका असं मी म्हणत नाही. "ते माझ्या हातात नाही वहिनी," असं तुम्ही म्हणणार, आणि तुमचा तो आवाज मला ऐकायचा नाही. माफीचं पत्रही पाठवू नका. मला एकच हवं आहे. तुम्ही घरी या. दादांसमोर त्या स्टुलावर बसा, त्यांच्या तोंडाकडे बघा, आणि ते वाक्य म्हणून दाखवा. सावकाश, खाली न बघता. भिंगरीला जमलं नाही, ती लहान आहे. तुम्हाला जमलं, तर मी समजेन की माझं चुकलं, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं.

ते वाक्य तुमच्या तोंडून पुरं होईपर्यंत तुमचीच,

वहिनी