आर्लिस परत येईपर्यंत डक्ट टेप

४ जानेवारी
बायको, आर्लिस, फार्गो शहरात बहिणीकडे गेली, त्याला बरेच दिवस झाले. विश्रांतीची गरज होती तिला. ती परत येईपर्यंत घरातली एकूण एक दुरुस्ती उरकून टाकायची, असा नव्या वर्षाचा संकल्प. प्लंबर नको, सुतार नको. मी आहे आणि चंदेरी डक्ट टेप आहे.
एकटं वगैरे मला वाटत नाही. तसं काहीच वाटत नाही.

७ जानेवारी. सकाळ
बाहेर उणे तीस. पिकअपचा निखळलेला आरसा टेपने घट्ट बसवला. आता त्यात मागचा रस्ता दिसत नाही, माझं तोंड दिसतं. पण हलत नाही, हे महत्त्वाचं. बुटाचा तळ उघडला होता, तिथे टेप. फ्रिजचं दार नीट लागत नव्हतं, तिथेही टेप. दुपारी दूध काढायला सुरी घेतली, तरी दार उघडेना. शेवटी कॉफी कोरीच प्यायलो. कोरी चांगलीच असते.

९ जानेवारी
पायाच्या अंगठ्यावर चामखीळ आलीय. शेजारचा ऑरिन ट्वेट म्हणाला, त्याच्या बायकोची चामखीळ डक्ट टेप लावून गेली. लगेच लावली. संध्याकाळी बूट काढायला गेलो तर पायाची टेप, मोजा आणि बुटाच्या आतली टेप, सगळ्यांचं एकमत झालेलं. बूट घालूनच झोपलो. पाय उबदार राहिला, हा वेगळा फायदा.

१२ जानेवारी
सगळ्या खिडक्यांच्या फटी बुजवल्या. पडदासुद्धा हलत नाही. आर्लिस दर हिवाळ्यात म्हणायची, पाठीला गार वारा लागतो. आता ये म्हणावं.
करिनचा फोन. विचारत होती, "बाबा, आईशी बोललास का?"
मी म्हटलं, खिडक्या पूर्ण झाल्या.
"मी खिडक्यांचं विचारत नाहीये, बाबा."
आमची ही मुलगी लहानपणापासून अशीच. एका विषयावर टिकत नाही.

१५ जानेवारी
तळघरात घर गरम ठेवणारी फर्नेस आहे, तिचा धूर बाहेर नेणारा पाइप जोडाशी सुटलाय. ऑरिन त्याच्या बायकोने दिलेलं हॉटडिश, म्हणजे बटाटा-खिम्याचं भाजलेलं भांडंभर जेवण, घेऊन आला होता, त्याला खाली नेऊन दाखवला. म्हणाला, "अरे वेंडल, हे टेपचं काम नाही. तो पाइप तापतो. डिंक सुटेल. माणूस बोलाव, उद्याच्या उद्या."
मी म्हटलं, डक्ट म्हणजे पाइपच ना? मग डक्ट टेप पाइपाला नाही लावायची तर कशाला लावायची?
"तू तर सगळ्यालाच लावतोस," म्हणाला. मग जिन्यावर थांबून, "जेवायला ये कधीतरी. बायको पण म्हणत होती."
मी म्हटलं, काम पडलंय.
तो गेल्यावर पाइपावर भरपूर थर दिले. ऑरिनच्या घरी मोडलं की नवं आणतात. बायकोही घरीच असते. अशाने माणसाला स्वतः काही करायची सवय राहत नाही.

१७ जानेवारी
डोकं जड. हवा बदलणार असेल. हॉटडिश गरम करून खाल्लं. बटाटा कुठला आणि खिमा कुठला, कळलं नाही. फार्गोला फोन करणार होतो. आधी पुढच्या दाराची फट बुजवली. मग मागच्या. मग राहिलं.

१८ जानेवारी
जिन्याजवळचा डबा सकाळपासून शिट्ट्या मारतोय. आर्लिसने लावलेला. फर्नेसचा विषारी वायू घरात साठला की ओरडतो म्हणे. मी सगळीकडे बघून आलो. धूर कुठेच नाही. म्हणजे बॅटरी संपलीय. झाकण उघडेना, म्हणून वरून टेप गुंडाळली. तरी बारीक आवाज येत होता, तोंड दाबलेल्या माणसासारखा. आणखी गुंडाळली.
आता शांत. आर्लिसला हेच तर हवं होतं, शांतता.

१९ जानेवारी
लिहिताना ओळी खाली घसरतायत. बोटं दुसऱ्याची वाटतात. त्रास मात्र काही नाही. उलट बरं वाटतंय. जरा पडतो. आर्लिस आली तर पुढचं दार टेपने बंद आहे, तिला मागून यायला सांगायला हवं. मागचंही

२१ जानेवारी. हॉस्पिटल
ऑरिन बायकोचं भांडं न्यायला आला होता. दार कुणी उघडेना, म्हणून त्याने स्वयंपाकघराची खिडकी फोडली. काच फुटली, पण टेप सुटली नाही. त्याला चाकूने कापावी लागली. हे मी डॉक्टरांना मुद्दाम सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं नाही.
मला ओढत बाहेर बर्फात आणलं म्हणे. पाइपावरचा डिंक वितळून तो वायू घरभर साठला होता; त्याला रंग-वास काही नसतो म्हणे. डॉक्टर म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर. मग पुढच्या खाटेकडे वळल्या.
ऑरिन खाटेशेजारी बसून होता. "मूर्खा," म्हणाला, "हाक मारायचीस ना. मी काय दुसऱ्या गावाला राहतो?" मग खिडकीकडे तोंड करून कितीतरी वेळ नाक पुसत होता. त्याला सर्दी झाली असावी.

२२ जानेवारी. संध्याकाळ
आर्लिस आली. एवढ्या बर्फातून गाडी चालवत आली. येणार हे मला माहीतच होतं. मी सांगितलं, घर जवळजवळ तयार आहे, एकच खिडकी राहिली.
ती हात हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "वेंडल, मी आता परत येणार नाही. तिकडेच जागा घेतलीय. ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं तुला. तू गॅरेजमध्ये नावेला टेप लावत होतास."
मी विचारलं, मग मी काय म्हणालो?
"'कात्री दे' म्हणालास."
"दिलीस?"
"दिली."
मग तिने कोट घातला, माझं पांघरूण वर ओढलं, "बरा हो" म्हणाली आणि गेली.
नंतर नर्स आली. माझ्याकडे बघून रुमाल पुढे केला. मी म्हटलं, काही नाही, सलाइनची चिकटपट्टी हातावरून काढताना केस ओढले जातात, त्याने डोळ्यांत पाणी येतं.
ती म्हणाली, "अहो, ती तर मी सकाळीच काढली."